तीनदा लिहिलेलं अंतर

"हे वाचून मला मळमळतंय," कर्णिक म्हणाले. "इम्तियाज, खिडकी उघड."

इम्तियाजनं खरंच उठून खिडकी उघडली. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरमधून मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी पडल्या होत्या आणि कंपनीतली सगळी माणसं त्या खोलीत दाटीवाटीनं बसली होती. मला रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता.

"बनसोडेबाई, ही ओळ काय करते?"

"गाड्यांची यादी वाचते सर."

"आणि त्या यादीचं नाव तुम्ही काय ठेवलंय? एक्स. उद्या मुलगी झाली तर तिचं नावही एक्स ठेवणार?"

दोघंतिघं हसले.

"सोलापूरला असंच शिकवतात का?"

"सोलापूरला माणसाशी कसं बोलायचं ते शिकवतात सर."

हसू थांबलं. कर्णिकांनी दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मग परत जा की," माझ्या 'की'ची नक्कल करत ते म्हणाले. "तिकडं बोलत बस की. इथं लिहावं लागतं."

'अहो' गेलं ते गेलंच. त्यानंतर ते मला कायम अरेतुरे करत राहिले.

नाव एक्स ठेवणं चूकच होतं. त्याच दिवशी घरी जायच्या आधी मी ते बदललं, आणि ते बरोबर बोलले होते म्हणून त्यांचा दुप्पट राग घेऊन बाहेर पडले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची ती लहानशी कंपनी होती. चारपाच जिल्ह्यांत खासगी रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे असे. कोणी फोन केला की तो माणूस कुठं आहे, कुठली गाडी मोकळी आहे, कुठली सर्वांत लवकर पोचेल, हे ठरवणारा एक प्रोग्राम होता. पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. त्याचं नाव 'वाटाड्या'. कंपनी एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत होती तेव्हा विद्याधर कर्णिकांनी तो एकट्यानं लिहिला होता. कंपनीची पुढची सगळी भरभराट त्या वाटाड्याच्या पाठीवर झाली, आणि हे कर्णिक कोणाला विसरू देत नसत.

पण वाटाड्या अलीकडे मंदावला होता. पूर्वी पापणी लवायच्या आत गाडीचा नंबर सांगायचा, आता फोन घेणाऱ्या मुली पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला "हो काका, बघतेय काका" करत बसायच्या. तक्रारी वाढल्या तेव्हा आमचे मालक सुबोध लोढा यांनी मला घेतलं. मुलाखतीत ते म्हणाले होते, "चित्रा, तुला एकच काम. वाटाड्याला पळव." त्यांनी हे कर्णिकांना मात्र सांगितलं नव्हतं. ते मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण कर्णिकांनी मला एक कोपऱ्यातलं टेबल दिलं, गाड्यांच्या डिझेलचा अहवाल काढणारा एक किरकोळ प्रोग्राम दिला आणि सांगितलं, "वाटाड्याला हात लावायचा नाही. नजरसुद्धा लावायची नाही."

"तुझ्याआधी तिघं आले," सर्व्हर सांभाळणारा इम्तियाज पिंजारी मला चहाच्या टपरीवर म्हणाला. "तिघंही चांगले होते. एकालाही त्यांनी टिकू दिलं नाही. एक तर रडत गेला."

"का पण?"

"देव जाणे. आधी असे नव्हते. मला सगळं त्यांनीच शिकवलंय. शिव्या द्यायचे, पण शिकवायचे. गेल्या दीडदोन वर्षांत नुसत्या शिव्याच."

"मी रडणारी नाही."

"ते दिसलंच परवा," इम्तियाज म्हणाला. "म्हणूनच काळजी वाटते."

शेवटी मी लोढांकडे गेले. ते दोन्हीकडून अडकलेल्या माणसासारखे कपाळ चोळत बसले, आणि मग इम्तियाजला बोलावून म्हणाले, "हिला वाटाड्याची एक प्रत दे. चालू आहे त्याला धक्का नको. प्रतीवर काय करायचं ते करू दे. आणि कर्णिकसाहेबांना मी सांगेन." त्यांनी सांगितलं नाही.

मी वाचायला बसले.

पहिला भाग वाचताना मला त्या माणसाचा हेवा वाटला. इतका स्वच्छ प्रोग्राम मी तोवर पाहिला नव्हता. प्रत्येक तुकडा एकच काम करणारा, छोटा, हातात मावेल असा. नावं साधी मराठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: जवळची_गाडी, रिकामी_का, अंतर. एक शब्द काढावा असा नाही की घालावा असा नाही. कोणी समोर बसून सावकाश सांगावं तसं ते समजत जाई.

मग पुढे कुठंतरी ते बिघडत गेलं. अंतर मोजणारा तुकडा वर होता, तरी खाली पुन्हा एक होता: अंतर_काढ. तेच काम, जवळपास त्याच ओळी. आणखी खाली तिसरा: किती_दूर. तिन्ही बरोबर, आणि वाटाड्या प्रत्येक गाडीसाठी तिन्ही वापरत होता. गाडी रिकामी आहे का हे तो एकदा विचारत होता, दोन ओळी सोडून पुन्हा विचारत होता, उत्तर तेच आलं तरी पुन्हा. रस्त्यांची अख्खी फाइल प्रत्येक गाडीसाठी नव्यानं उघडून पहिल्या ओळीपासून वाचली जात होती. भाजीत मीठ घातलंय की नाही म्हणून कोणी दर मिनिटाला मिठाचा डबा उघडावा तसा हा प्रकार होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. ज्या माणसानं भर सभेत माझा एक्स काढला होता त्याच्या घरात एवढा पसारा! मी मनात म्हटलं, म्हातारा माजलाय. कोणी विचारणारं नाही म्हणून आळशी झालाय.

मी ती प्रत साफ करायला घेतली. अंतराचा एकच तुकडा ठेवला, सर्वांत पहिला. रस्त्यांची फाइल सकाळी एकदा वाचायची आणि तशीच हाताशी ठेवायची, पुन्हा उघडायची नाही, असं केलं. गाड्यांची यादी वरून खाली चाळत बसण्याऐवजी शब्दकोशासारखी लावली, म्हणजे नंबर सांगितला की थेट त्याच पानावर. उगाचचे प्रश्न काढले. जुने फोन घालून पाहिले. उत्तरं तीच, पण बोट बटणावरून उचलायच्या आत.

मी ते कर्णिकांच्या टेबलाशी घेऊन गेले. वाटलं, आता तरी गप्प बसतील.

"तुला वाटाड्या कोणी दिला?"

"लोढासाहेबांनी."

त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "पुसून टाक."

"आधी चालवून तर बघा सर."

"मी असेपर्यंत नाही. तुझ्यासारखी माणसं घरात शिरतात आणि भिंती पाडून म्हणतात, बघा किती मोकळं झालं." ते माझ्या पडद्याकडे बघत होते, आणि मी काय काय काढलं त्याची यादी मी बाजूला दाखवली होती. त्यातल्या एका नावावर त्यांची नजर थांबली. "किती_दूर? हे कुठून आलं?"

"तुमचंच आहे सर."

"माझं असतं तर मला माहीत नसतं?"

"मग वाटाड्यानं स्वतःच लिहिलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी माझा लॅपटॉप फटकन मिटला. माझं बोट मध्ये सापडलं. ते माफी मागतील असं क्षणभर वाटलं, पण ते म्हणाले, "चालती हो."

मी तोच लॅपटॉप उचलून लोढांकडे गेले आणि ते म्हणाले, "जरा थांब, चित्रा. मी त्यांच्याशी बोलतो." माझा नवा वाटाड्या तसाच पडून राहिला, आणि मी रोज सकाळी कर्णिकांच्या नजरेसमोर बसून डिझेलचा हिशेब लिहीत राहिले.

मग ती मंगळवारची सकाळ आली.

त्र्यंबकच्या पुढच्या एका पाड्यावरून फोन आला होता. बाळंतीण अडली होती. वाटाड्यानं एक गाडी नेमली आणि फोन घेणाऱ्या मुलीनं त्या घरच्यांना सांगितलं की गाडी निघाली. पण ती गाडी आधीच एका हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन उलट्या दिशेनं चालली होती. वाटाड्याच्या लेखी ती रिकामी होती. घरचे लोक रस्त्यावर येऊन वाट बघत उभे राहिले. दुसरी गाडी पोचेपर्यंत फार उशीर झाला. बाई वाचली, मूल गेलं.

दुपारी सगळ्यांना खोलीत बोलावलं. लोढांचा चेहरा राखेसारखा झाला होता. संस्थेचे लोक उद्या येणार होते आणि त्यांना उत्तर हवं होतं.

"सांगतो काय झालं," कर्णिक उभे राहिले. आवाज शांत होता. "एवढ्या वर्षांत वाटाड्यानं एक गाडी दोघांना दिली नाही. आज दिली. का? कारण कोणीतरी त्याच्यात हात घातला. आणि इथं हात घालायची हौस एकाच व्यक्तीला आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इम्तियाजनंही.

"मी माझ्या प्रतीबाहेर एक अक्षर बदललेलं नाही," मी म्हणाले.

"एक मूल गेलंय, बनसोडे. निदान आज तरी खोटं बोलू नकोस."

त्यांच्या आवाजात नाटक नव्हतं. ते मला छळायला बोलत नव्हते, त्यांना खरोखर तसं वाटत होतं. पण त्या घडीला मला एवढंच दिसलं की हा माणूस एका मेलेल्या मुलाचं पाप माझ्या डोक्यावर ठेवतोय.

"इम्तियाज," मी म्हणाले, "चालू वाटाड्याचा इतिहास भिंतीवर लाव."

आमच्याकडे तशी सोय होती. कुठली ओळ कोणी, कधी बदलली हे सगळं आपोआप टिपलं जाई. इम्तियाजनं प्रोजेक्टर लावला. भिंतीवर सर्वांत वर त्याच सकाळची नोंद आली. गाडी रिकामी आहे का, हे विचारणाऱ्या चार नव्या ओळी. त्या ओळी प्रश्न विचारत होत्या तो जुन्याच यादीला, जी यादी वापरणं वर्षभरापूर्वी बंद झालं होतं. म्हणून बाहेर गेलेली गाडी त्यांना घरीच दिसली. शेजारी नाव होतं: वि. कर्णिक.

मागची माणसं ते नाव वाचायला पुढे झुकली.

"हे मी लिहिलेलं नाही," कर्णिक म्हणाले.

"पासवर्ड तुमचा आहे. संगणक तुमच्या टेबलावरचा आहे. तुम्ही सकाळी सर्वांच्या आधी आला होतात," मी म्हणाले. "खाली जा, इम्तियाज. अजून खाली. हे बघा. अंतर. हे अंतर_काढ. हे किती_दूर. तेच काम तीनदा. प्रत्येकापुढे नाव कोणाचं आहे ते वाचा. साहेब, ही जुनी यादी बंद कोणी केली तेही बघा. यांनीच. स्वतः बंद केलेल्या यादीला यांनी आज सकाळी प्रश्न विचारलाय, आणि नाव माझं घेतायत."

मी थांबायला तयार नव्हते. बोटाची सूजही उतरली नव्हती. एकेक ओळ मी भिंतीवर खिळ्यानं ठोकावी तशी ठोकत गेले.

कर्णिक भिंतीकडे बघत होते. मला वाटलं होतं ते चिडतील. चोरी पकडली गेलेला माणूस आधी चिडतो, मग हसतो, मग कारणं देतो. ते एकेक ओळ ओठांनी वाचत होते, अनोळखी गावात पाट्या वाचाव्यात तशी. किती_दूरपाशी ते थांबले, वर अंतरकडे गेले, परत खाली आले. त्यांचा हात चष्म्याच्या दोरीशी गेला आणि ती दोरी ते बोटाला गुंडाळत राहिले.

"कर्णिकसाहेब," लोढा म्हणाले, "तुम्ही लिहिलंत ना हे?"

लोढा खुर्चीवरून उठले.

"लिहिलंत आणि या पोरीवर घातलंत? तुम्ही खोटं बोललात?"

मग कर्णिकांनी दोरी सोडली, पाठ सरळ केली आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "हो. खोटं बोललो."

पुढची ओळ दाखवायला उचललेला हात मी खाली घेतला. कारण त्या खोलीत त्या माणसानं केलेलं खोटं विधान हेच एक होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. तीन वेळा लिहिलेलं अंतर, पुन्हा पुन्हा विचारलेला तोच प्रश्न, "माझं असतं तर मला माहीत नसतं?" हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. आळशी माणूस तेच काम तीनदा करत नाही.

लोढा खूप बोलले. सर्वांसमोर बोलले. कर्णिक खाली मान घालून ऐकत होते. शेवटी लोढा म्हणाले, "संस्थेची माफी मी मागतो. चित्राची माफी तुम्ही मागा. आणि यापुढे असं नको. वाटाड्या तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही म्हणून एवढ्यावर सोडतो."

कर्णिकांनी माझी माफी मागितली. शब्द सरळ होते, आवाज कोरडा. खोली रिकामी झाली आणि जाता जाता कोणीतरी मागे कुजबुजलं, "म्हातारा खोटारडा निघाला."

मी त्यांना जिन्याच्या वळणावर गाठलं.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले.

"माफी मागितली ना? आता काय पाया पडू?"

"शेवटी बोललात ते. 'हो' म्हणालात ते."

ते एक पायरी उतरले होते, तिथंच थांबले. वळले नाहीत.

"तुम्हाला आठवतच नाही ना? सकाळी लिहिलेलं?"

खालच्या मजल्यावरच्या कारखान्यात लेथ मशीन चालू होतं. त्याचा आवाज जिन्यात भरून राहिला होता. त्यात ते काय म्हणाले ते मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही.

"काय?"

"म्हटलं, तू वाचतेस." ते आता वळले. इतका द्वेष मी कोणाच्या डोळ्यांत पाहिलेला नाही. "बाकीचे नुसतं चालवतात. चाललं की झालं. ते तिघं वाचणारे होते म्हणून घालवले. तू त्यांच्याहून वाईट. पहिल्या दिवशीच कळलं मला, ही वाचणार."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. नाव आहे त्याला. नाव ऐकून तुला काय करायचंय? वाढत जाणार एवढं पुरे."

"घरी?"

"बायकोला माहीत आहे. आता तुला." त्यांनी वरच्या दाराकडे पाहिलं. "खोटारड्याला लोक कामावर ठेवतात. पाहिलंस ना आत्ता? विसरभोळ्याला नाही ठेवत."

"सर, तुम्ही आज साहेबांना सांगा."

"एक वर्ष दे."

"नाही."

"सहा महिने. मी काही नवीन लिहिणार नाही. नुसता बसेन."

"आज सकाळीही तुम्ही नुसतंच बसणार होतात. बसवलं नाही तुमच्यानं." मी म्हणाले. "एक मूल गेलंय. हे तुम्हीच म्हणालात आत."

"ते माझ्यामुळं गेलं हे तुला काय मला सांगायला हवं?" ते ओरडले. वरच्या दारातून कोणीतरी डोकावलं आणि मागे सरलं. कर्णिकांनी आवाज खाली आणला. "तुझ्या जागी माझी मुलगी असती तर तिनं थोडी दया दाखवली असती."

"मी तुमची मुलगी नाही. संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. वाटाड्याला तुमचा हात पुन्हा लागणार नाही."

"निष्ठुर आहेस."

"हो," मी म्हणाले.

ते साडेपाचला लोढांच्या खोलीत गेले. काय बोलले ते मला नंतर लोढांकडून कळलं. डोळ्यांचा त्रास वाढलाय, पडद्याकडे बघवत नाही, म्हणून सोडतो. लोढा हवालदिल झाले. महिनाभर तरी थांबा, चित्राला सगळं समजावून द्या, असं त्यांनी गळ घालून कबूल करून घेतलं. डोळ्यांचं कारण मी खोडून काढलं नाही. कारण काहीही असो, त्यांचा पासवर्ड इम्तियाजनं त्याच दिवशी बंद केला होता. माझी अट तेवढीच होती. त्यांची अट त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली, शेजारी खुर्ची ओढून बसता बसता.

"मला काही खोटं सांगायचं नाही. मी विसरलो तर विसरलात म्हण. सांभाळून घ्यायचं नाही. मला बायकोचं सांभाळून घेणं पुरे झालंय."

"बरं."

तो महिना आम्ही एकमेकांचा तिरस्कार करत एका टेबलाशी काढला. मी टंकत असे, ते बघत असत. माझी एक ओळ त्यांनी धड पास केली नाही. "हे नाव पाहा. 'डेटा'. अगं, जगात सगळाच डेटा आहे. काय आहे त्यात? गाड्या आहेत ना? मग गाड्या म्हण." "हा तुकडा दोन कामं करतोय. तोड." "ही टीप कशाला? ओळ समजत नाही म्हणून टीप लिहिलीस. ओळच नीट लिही, टीप लागणार नाही." "एवढं वेगवान कशाला करतेस हे? महिन्यातून एकदा चालतं ते. जिथं रोज गर्दी होते तिथं झाडू मार." जुनं काय कसं का केलं, हे त्यांना अगदी काल घडल्यासारखं आठवे. घाटात अंतर कमी असलं तरी वेळ जास्त लागतो म्हणून टाकलेला गुणक, पुराच्या दिवसांत बंद होणारे रस्ते, एकेका आकड्यामागचा एकेक प्रसंग ते सांगत. कालचं मात्र काही नाही.

रोज सकाळी ते पडद्यावरच्या तुकड्यांच्या जुन्या यादीवरून नजर फिरवत आणि विचारत, "किती_दूर कुठं गेलं?"

"काढलं."

"कोणाला विचारून?"

"तुमच्यासमोर काढलं सर. तुम्ही तेच काम तीनदा लिहिलं होतं. एक ठेवलं, दोन काढली."

"मी? तीनदा?"

"हो. विसरला होतात."

प्रत्येक सकाळी ते हे पहिल्यांदा ऐकत. प्रत्येक सकाळी त्यांचा चेहरा तसाच पडे. आणि लगेच राग येई. "दाखव. इतिहास काढ." मी इतिहास काढून दाखवी. ते त्यांचं नाव वाचत, तारीख वाचत, आणि मग म्हणत, "पुढे चल." एकदा इम्तियाज मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोज काय भांडता गं त्याच गोष्टीवरून? 'आहे खाली कुठंतरी' म्हण आणि मोकळी हो." त्याला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तसं ठरलंय आमचं."

नवा वाटाड्या चालू झाला. फोन घेणाऱ्या मुलींना आता "बघतेय काका" म्हणायला सवड मिळेना, कारण काका पत्ता सांगून श्वास घेईपर्यंत गाडीचा नंबर समोर आलेला असे. लोढांनी पेढे वाटले. कर्णिकांनी पेढा घेतला नाही.

कामावरच्या त्यांच्या शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "वरून खालपर्यंत एकदा सगळं दाखव."

मी दाखवायला लागले. ते गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकून वाचत होते. नेहमीसारखं चालू होतं. "हे लांबलं." "हे नाव खोटं बोलतंय, हा तुकडा मोजत नाही, निवडतो." "हे कोणत्या गाढवानं लिहिलं?" "मी, सर." "वाटलंच."

मधे एका ठिकाणी ते आणखी पुढे झुकले. मी खाली सरकवायला गेले तर त्यांनी हात वर केला.

त्यांनी तो तुकडा एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. खालच्या मजल्यावरचं लेथ त्या दिवशी बंद होतं, त्यामुळे त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"हे चांगलंय," कर्णिक म्हणाले.

एवढ्या दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. कोणीच ऐकला नव्हता.

"यात काही काढता येत नाही. घालता येत नाही. बघ कसं उतरत गेलंय." त्यांचं बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर ओळीओळीनं खाली येत होतं. "हे कोणी लिहिलं? तू?"

"नाही."

"मग? इम्तियाज तर नाही."

"तुम्ही, सर. हे सर्वांत जुनं आहे. टायरच्या दुकानावरच्या खोलीतलं. मी याला हात लावला नाही."

ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत तोच जिन्यातला द्वेष होता. "जाता जाता मला गोंजारू नकोस. माझं-तुझं काय ठरलं होतं?"

"मी तुम्हाला कशाला गोंजारू?" मी म्हणाले. "तुम्ही मला सर्वांसमोर घाण बोललात. माझं बोट चिरडलंत. एका मेलेल्या मुलाचं पाप माझ्यावर टाकलंत. तुम्ही मला आवडत नाही, सर. एक दिवसही आवडला नाहीत."

ते माझा चेहरा बघत राहिले. एखादी ओळ तपासावी तसा त्यांनी तो तपासला.

"ते खरंय," ते हळूच म्हणाले.

मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तो तुकडा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले. मी तिथून उठले, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत कोणाला त्या टेबलाशी जाऊ दिलं नाही.